ट्रेव्हली आणि जॅक मासे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उष्ण कटिबंधातल्या समुद्रांत गळ टाकणारे, डुबकी मारणारे आणि मासे अभ्यासणारे लोक पुन्हापुन्हा जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न ओळखीचे आहेत, पुढे वागणूक, मग मासेमारी आणि शेवटी खाण्यातले धोके. घाईत असाल तर प्रश्न १९ आणि २० मात्र सोडू नका.

१. ट्रेव्हली आणि जॅक हे वेगळे मासे आहेत का?

नाहीत. दोन्ही कॅरँजिडी या एकाच कुळातले. या कुळात साधारण ३० गण आणि १५०च्या आसपास जाती आहेत. हिंदी महासागर आणि पश्चिम प्रशांत महासागरात ज्यांना ट्रेव्हली म्हणतात, त्यांच्याच अटलांटिकमधल्या भाऊबंदांना जॅक म्हणतात. फरक बोलणाऱ्याच्या किनाऱ्याचा आहे, माशाचा नाही.

बाजारी नावांवर तर मुळीच विसंबू नका. दक्षिण आफ्रिकेत ट्रेव्हलीला किंगफिश म्हणतात, ऑस्ट्रेलियात किंगफिश म्हणजे याच कुळातला यलोटेल, आणि इतर बऱ्याच ठिकाणी किंगफिश म्हणजे सुरमई, जिचा या कुळाशी संबंध नाही. ‘आफ्रिकन पोम्पानो’ हा खऱ्या पोम्पानोंच्या गणात बसत नाही. ‘हॉर्स मॅकरेल’ हा मॅकरेल नाही. लेदरजॅकेट म्हटलं की अमेरिकेत या कुळातला एक मासा समोर येतो आणि ऑस्ट्रेलियात भलताच. म्हणून नाव ऐकून घ्या, पण निकाल अंगावरच्या खुणा बघूनच द्या.

२. मासा हातात आहे. तो या कुळातला आहे हे नक्की कसं कळेल?

चार जागा बघा, याच क्रमाने.

आधी गुदद्वारामागे बोट फिरवा. गुदपराच्या पुढे, त्यापासून सुटे असे दोन आखूड काटे लागतील. ही या कुळाची सर्वांत भरवशाची खूण. मग शेपटीचं मूळ बघा: ते अंगाच्या मानाने फारच बारीक असतं आणि शेपूट खोलवर दुभंगलेली असते. तिसरी जागा पार्श्वरेषा. ही अंगाच्या बाजूने जाणारी रेघ कल्ल्यांच्या मागे वर कमान घेते आणि पुढे सरळ होते. त्या सरळ भागावरचे खवले जाड, टोकदार, एकावर एक चढलेले असतात. त्यांना इथून पुढे कवचखवले म्हणू. चौथी जागा पाठ: तिथे दोन पर असतात. पहिला आखूड आणि काट्यांचा, दुसरा लांब आणि मऊ.

अपवाद आहेतच. मोठ्या झालेल्या काही जातींत गुदपरापुढचे काटे कातडीत गाडले जातात आणि बोटाला लागत नाहीत. कवचखवल्यांचा अपवाद प्रश्न ३ मध्ये.

३. शेपटीजवळ कवचखवले नाहीतच. मग तो जॅक नव्हे ना?

असू शकतो. अ‍ॅम्बरजॅक आणि यलोटेल, रेनबो रनर, पायलटफिश, पोम्पानो आणि क्वीनफिश या सगळ्यांना कवचखवले नसतात, तरी ते याच कुळातले. अ‍ॅम्बरजॅक, रेनबो रनर आणि पायलटफिश यांच्या शेपटीच्या मुळावर वर आणि खाली एकेक आडवी खाच असते. कवचखवले नसले की आधी ती शोधा. रेनबो रनरला पाठीच्या आणि गुदाच्या पराच्या मागे एकेक सुटा छोटा पर असतो, त्यामुळे तो ओळखायला सोपा. क्वीनफिश चपटा, लांबोडका आणि मोठ्या तोंडाचा. तो हातात घेण्याआधी प्रश्न १८ वाचा.

४. हलवा या कुळात कसा? तो तर पापलेटचा भाऊ.

दिसायला भाऊ, नात्याने नाही. पापलेटचं कूळ वेगळं. हलव्याच्या शेपटीच्या मुळाशी कवचखवल्यांची बारीक, कमजोर ओळ असते. पापलेटला ती नसते. हलव्याच्या बाबतीत प्रश्न २ मधली काट्यांची खूण मात्र कामाला येत नाही, कारण ते काटे वाढीबरोबर कातडीत जातात. त्याचे पोटाचे परही लहानपणीच नाहीसे होतात. अंगाची ठेवण पापलेटसारखी झाली ती अशी सगळं झाकत-गाळत. जाता जाता: हा मासा कधीकधी पृष्ठभागाजवळ एका कुशीवर आडवा होऊन पोहतो. तसा दिसला तर तो मेलाय असं समजू नका.

५. मग बांगडा आणि ट्यूना यांच्याशी या माशांचं काय नातं?

जवळचं काही नाही. बारीक शेपूट आणि निमुळतं अंग दोघांनाही आहे, कारण वेगाने पोहायचं तर दुसरा उपाय नाही. बांगडा, सुरमई, ट्यूना यांच्या दुसऱ्या पाठपरामागे आणि गुदपरामागे सुट्या छोट्या परांची रांग असते, आणि गुदपरापुढे सुटे काटे नसतात. जॅक कुळातही टॉर्पेडो स्कॅडला अशी रांग असते, म्हणून नवशिके तो बांगडाच समजतात. त्याच्या शेपटीजवळचे रुंद, दणकट कवचखवले बघितले की शंका मिटते.

डीएनएच्या अभ्यासातून या कुळाचे जवळचे सोयरे म्हणून रेमोरा, कोबिया आणि डॉल्फिनफिश हे मासे पुढे आले. त्याच मोठ्या गोतावळ्यात मार्लिन आणि चपटे मासेही मोडतात, हे बऱ्याच जणांना पटत नाही.

६. जायंट, ब्लूफिन आणि बिगआय ट्रेव्हली यांत फरक कसा करायचा? सगळे चंदेरीच दिसतात.

सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न हाच, आणि सर्वाधिक चुकाही इथेच होतात. रंगावर जाल तर फसाल. रंग का बदलतो ते प्रश्न ९ मध्ये आहे.

जायंट ट्रेव्हली, शास्त्रीय नाव कॅरँक्स इग्नोबिलिस: कपाळ उभं आणि बोथट, जबडा जड. मासा उलटा करून छातीकडे बघा. पोटाच्या परांच्या पुढची छाती जवळजवळ बिनखवल्याची असते आणि मधोमध खवल्यांचा एक छोटा ठिपका उरलेला असतो. कल्ल्याच्या झाकणावर काळा डाग नसतो. पाठीच्या दुसऱ्या परात एका काट्यामागे १८ ते २१ मऊ किरण, म्हणजे पराला ताणून धरणाऱ्या लवचीक काड्या.

ब्लूफिन, म्हणजे कॅरँक्स मेलॅम्पिगस: छाती पूर्ण खवल्यांची. पाठीचा दुसरा पर, गुदपर आणि शेपूट झळझळीत निळी. अंगावर निळे-काळे बारीक ठिपके, पण ते वाढीबरोबर येतात. १५ सेंटिमीटरच्या पिल्लावर ते शोधत बसू नका. मऊ किरण २१ ते २४.

बिगआय, म्हणजे कॅरँक्स सेक्सफॅसिएटस: डोळा मोठा, छाती पूर्ण खवल्यांची, पाठीच्या दुसऱ्या पराचं टोक पांढरं. कल्ल्याच्या झाकणाच्या वरच्या कोपऱ्यात बुबुळाहून लहान असा एक काळा ठिपका असतो. लहानपणी अंगावर उभे गडद पट्टे असतात, त्यावरूनच ‘सहा पट्ट्यांचा’ हे शास्त्रीय नाव पडलं.

खरा घोळ घालतो तो ब्रासी ट्रेव्हली. त्याची छातीही बरीचशी उघडी असते, त्यामुळे छोटा जायंट म्हणून तो सर्रास खपतो. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या वरच्या कडेला एक फिकट डाग असतो, आणि पाठीच्या दुसऱ्या परात २१ ते २३ मऊ किरण. शंका आली की किरण मोजा. मोजण्याआधी पर ताणून धरा, नाहीतर शेवटचे दोन-तीन किरण एकमेकांना चिकटून एकच वाटतात.

७. अटलांटिकमधला क्रेव्हाल जॅक म्हणजेच जायंट ट्रेव्हली का?

नाही. डोकं, छाती, बांधा सारखाच, पण क्रेव्हालच्या कल्ल्याच्या झाकणावर ठळक काळा डाग असतो आणि छातीच्या पराच्या खालच्या किरणांवर दुसरा. जायंटवर यातलं काही नाही. दोघांचे समुद्रही वेगळे: जायंट तांबड्या समुद्रापासून आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून हवाईपर्यंत, क्रेव्हाल अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर. अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावर मिळतो तो तिसराच, पॅसिफिक क्रेव्हाल. काळा जॅक मात्र तिन्ही महासागरांच्या उष्ण पट्ट्यात सापडतो, बहुधा प्रवाळाच्या बाहेरच्या खोल उतारावर.

८. माझा मासा अर्धा जायंट आणि अर्धा ब्लूफिन दिसतो. माझं काही चुकतंय का?

कदाचित काहीच चुकत नसेल. या दोन जातींचा संकर हवाईत सापडलेला आहे, आणि ब्लूफिन-बिगआय संकरही नोंदला गेला आहे. अशा माशात किरणांची संख्या, छातीवरचे खवले आणि पराचा रंग वेगवेगळ्या दिशांना बोट दाखवतात. नुसत्या नजरेने खात्री होत नाही, डीएनए तपासावा लागतो. तरीही आधी ब्रासी ट्रेव्हली नाही ना ते बघा. ‘संकर’ म्हणून दाखवलेले बरेच मासे शेवटी तोच निघतात.

९. मासा काळा ठिक्कर पडला आहे. आजारी आहे का?

बहुधा नाही. पूर्ण वाढलेले जायंट नर गडद, कधी थेट काळे असतात, माद्या राखाडी-चंदेरी. वाळूवर फिरणारे मासे फिकट आणि खडकावरचे गडद दिसतात. बिगआयमध्ये तर जोडी जमली की नर काही वेळापुरता काळा होतो आणि चंदेरी मादीच्या अंगाखाली चिकटून पोहतो. गळाला लागलेला मासा काही मिनिटांत रंग बदलतो आणि मेल्यावर पुन्हा बदलतो, म्हणून मेलेल्या माशाच्या फोटोतला रंग ओळखीसाठी जवळजवळ निरुपयोगी.

१०. जायंट ट्रेव्हली किती मोठा होतो, आणि किती वर्षांत?

लांबी १७० सेंटिमीटर आणि वजन ८० किलोपर्यंत नोंदलं गेलं आहे. गळाने धरलेल्या माशाचा इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनने मान्य केलेला विक्रम ७२.८ किलोचा, २००६ साली जपानच्या तोकारा बेटांजवळचा. ब्लूफिन त्यामानाने लहान, ११७ सेंटिमीटरपर्यंत.

आकारापेक्षा प्रौढ होण्याचं वय जास्त कामाचं. हवाईच्या वायव्य बेटांवरच्या अभ्यासात जायंट सुमारे ६० सेंटिमीटरला, साडेतीन वर्षांच्या आसपास प्रौढ होतो असं दिसलं. ब्लूफिन सुमारे ३५ सेंटिमीटरला, दोन वर्षांत. ही लांबी शेपटीचा पर सोडून मोजलेली आहे. शेपटीसकट मोजून ‘६० भरला, म्हणजे प्रौढ’ असं म्हणणारे हमखास चुकतात.

११. हे मासे गोड्या पाण्यात जातात का?

पिल्लं जातात. जायंट, बिगआय आणि क्रेव्हालची पिल्लं खाड्यांत आणि नद्यांच्या मुखात वाढतात, कारण तिथे मोठे शिकारी कमी आणि खाणं भरपूर. पाणी जवळजवळ गोडं झालं तरी जायंटची पिल्लं तगतात. वाढल्यावर बहुतेक मासे खडकाकडे आणि मोकळ्या समुद्राकडे निघतात. दक्षिण आफ्रिकेच्या म्तेंतू नदीत मात्र मोठे जायंट दर हंगामात झुंडीने वर चढतात. तिथे ते नेमके कशासाठी येतात यावर बरीच मतं आहेत. अंडी घालण्यासाठी नाही, एवढं धरून चालावं, कारण अंडी समुद्रातच, खुल्या पाण्यात सोडली जातात आणि तरंगत जातात.

खडकावर स्थिरावलेला मासा तसा आपल्या मुलखाला धरून असतो. हवाईतल्या कंकणद्वीपांवर ट्रान्समीटर बसवलेले जायंट ट्रेव्हली ठरलेल्या जागी परत येत राहिले, पण त्याच कंकणद्वीपात २९ किलोमीटरपर्यंत फिरलेही.

१२. हा मासा उडते पक्षी खरंच पकडतो का?

हो. सेशेल्समधल्या फारक्वार कंकणद्वीपावर सूटी टर्न पक्ष्यांची नुकती उडायला लागलेली पिल्लं पाण्यावर उतरतात तेव्हा जायंट ट्रेव्हली त्यांना खालून गाठतात, आणि काही तर पाण्याबाहेर झेप घेऊन हवेतच धरतात. याचं चित्रीकरण २०१७ मध्ये जगभर दाखवलं गेलं. पण हे त्या जागेचं आणि त्या हंगामाचं खास. रोजचं खाणं म्हणजे मासे, त्याखालोखाल शेवंडी, खेकडे, माकूळ आणि ऑक्टोपस.

शिकारीची खरी हुशारी दुसऱ्याच्या कष्टावर जगण्यात आहे. हवाईत मंक सील समुद्रतळावरचे दगड उलथते तेव्हा जायंट तिच्या खांद्याशी चिकटून असतात आणि निसटलेला मासा आधी पळवतात. ब्लूफिन असाच ऑक्टोपस आणि मोरे ईलच्या मागे लागतो: ते फटीतून जे बाहेर हुसकतात, ते हा गिळतो.

१३. छोटे पिवळे पट्टेरी मासे शार्कबरोबर पोहताना दिसतात. शार्क त्यांना खात कसा नाही?

पिवळ्या अंगावर काळे पट्टे असतील तर ती गोल्डन ट्रेव्हलीची पिल्लं. शार्क, मोठे हेकरू, जेलीफिश, जे सापडेल त्याच्या आडोशाने ती वाढतात. इतकं चपळ आणि छोटं भक्ष्य पकडायला शार्कला परवडत नाही, आणि त्याच्याजवळ असल्याने बाकीचे शिकारी लांब राहतात. निळसर-काळे पट्टे असलेला लांबट मासा असेल तर तो पायलटफिश. त्याच कुळातला, पण तो मोठेपणीही सोबत सोडत नाही.

मोठे जॅक शार्कजवळ वेगळ्याच कामाने जातात. रेनबो रनर आणि ट्रेव्हली मागून वेगाने येऊन शार्कच्या खरखरीत कातडीवर अंग घासतात. अंगाला चिकटलेले परजीवी खरवडून काढायला मोकळ्या समुद्रात दुसरं खडबडीत काही नसतं.

१४. हजारो बिगआय दिवसभर एकाच जागी गोल फिरत असतात. ते खातात कधी?

रात्री. दिवसाची ती भिंत म्हणजे विश्रांती आणि संरक्षण. अंधार पडला की झुंड फुटते आणि मासे एकेकटे शिकारीला पांगतात. मलेशियाच्या सिपादानला आणि मेक्सिकोच्या काबो पुल्मोला या झुंडी नेमाने दिसतात. डुबकी मारणाऱ्याने झुंडीच्या मधून पोहत जाऊ नये. कडेला थांबून श्वास सावकाश सोडला तर झुंड आपणहून जवळ येते. बुडबुड्यांचा लोट सोडला की फाटते.

१५. एवढं चकचकीत अंग खुल्या पाण्यात लपतं कसं?

आरशासारखं. पाण्याखालचा प्रकाश ध्रुवीभूत असतो, म्हणजे त्याच्या लहरी बऱ्याचशा एकाच दिशेत कंप पावतात, आणि हे ओळखणारे डोळे बऱ्याच शिकाऱ्यांकडे असतात. नुसता साधा आरसा त्यांना उठून दिसला असता. लुकडाउन आणि बिगआय स्कॅड या याच कुळातल्या माशांवरच्या २०१५ च्या अभ्यासात दिसलं की या माशांच्या त्वचेतले सूक्ष्म पापुद्रे तो ध्रुवीभूत प्रकाश अशा तऱ्हेने परतवतात की मासा मागच्या पाण्यात मिसळतो, आणि पाठलाग ज्या कोनांतून होतो त्या कोनांत ते सर्वांत चांगलं जमतं.

१६. पाण्याबाहेर काढल्यावर मासा डुकरासारखा घुरघुरतो. का?

घशातले दात एकमेकांवर घासतो आणि पोटातली हवेची पिशवी तो आवाज मोठा करते. दुखापतीची खूण नव्हे.

१७. जायंटसाठी दोरी किती जाड हवी, आणि ती दर वेळी का तुटते? मासा सोडायचा असेल तर?

खडकाच्या कडेवरून पाण्याच्या पृष्ठभागावर चालणाऱ्या आमिषाने मासेमारी करायची तर पीई ८ ते १० ची वेणीची दोरी (पीई हे तिच्या जाडीचं माप), पुढे ६० ते ९० किलो ताकदीचा लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड दोरीचा तुकडा, आमिष १०० ते २०० ग्रॅमचं. रीळचा ड्रॅग (दोरी ओढली जाताना रीळ करतं तो अडसर) दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर, आणि तो हाताने ओढून अंदाजाने नाही, वजनकाट्याने मोजून लावायचा. अंदाजाने लावलेला ड्रॅग जवळजवळ नेहमीच हलका निघतो.

दोरी तुटण्याची कारणं ठरलेली आहेत. मासा पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत खडकाकडे झेपावतो. तेव्हा त्याला थोपवलं नाही तर लीडर प्रवाळावर घासतो आणि कापला जातो. दोरी आणि लीडर जोडणारी एफजी गाठ २० ते २५ वेढ्यांची असते. ती ओली करून, जोर लावून, वेढ्यांचा रंग बदलेपर्यंत आवळली नाही तर पहिल्याच झटक्याला घसरते. उरलेल्या वेळी दोष दोरीचा नसतोच: गळ सरळ झालेला असतो किंवा आमिषाची कडी उघडलेली असते. तुटलेलं टोक बघा. खरबरीत असेल तर खडक, गुळगुळीत वळलेलं असेल तर गाठ.

सोडायचा असेल तर तयारी आमिष बांधतानाच. तीन टोकांचे गळ काढून एकेरी लावा, आकडीचा काटा पक्कडीने दाबून टाका. मासा लवकर आणा: हलक्या साधनावर अर्धा तास झुंजवलेला मासा पोहत गेला तरी शार्कच्या तोंडी जातो. शक्यतो पाण्यातच ठेवून गळ काढा. उचलायचाच असेल तर एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली, आणि आडवाच. जबड्याला किंवा कल्ल्यात बोटं घालून उभा लटकवलेल्या वीस-तीस किलोच्या माशाच्या आतल्या अवयवांना इजा होते. हातमोजे ओले करून घाला, कवचखवले तळहात सहज चिरतात. गळ खोल गेला असेल तर ओढू नका, लीडर गळाजवळ कापा.

सोडताना तोंड प्रवाहाकडे धरून थांबा. मागे-पुढे हलवू नका. मागे ओढताना कल्ल्यांतून पाणी उलटं जातं आणि उपयोग होत नाही. शेपटीने जोराचा झटका दिला की सोडा. खोल पाण्यातून वर आणलेल्या अ‍ॅम्बरजॅकची हवेची पिशवी लगेच टोचायला जाऊ नका: अ‍ॅम्बरजॅकच्या गणातले काही मासे वर येताना जादा वायू स्वतःच बाहेर सोडतात.

१८. काटा टोचला. विषारी आहे का?

ट्रेव्हलीचा काटा विषारी नाही, जखम नीट धुऊन स्वच्छ ठेवली की पुरतं. क्वीनफिश आणि अमेरिकी लेदरजॅकेट यांच्या पाठीच्या आणि गुदपरापुढच्या काट्यांना मात्र विष असतं, आणि ठणका जखमेच्या मानाने फार मोठा असतो. दुखरा भाग सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटं बुडवा. पाणी आधी दुसऱ्या, धडक्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या हाताला भाजल्याचं कळत नाही. सूज वर सरकली, काट्याचा तुकडा आत राहिला किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा.

१९. मोठा ट्रेव्हली खाणं धोक्याचं का म्हणतात? नीट शिजवला तरी?

शिजवण्याचा यात काही संबंधच नाही, आणि लोक नेमकं तिथेच चुकतात. प्रवाळावरच्या शेवाळावर गॅम्बियरडिस्कस नावाचा सूक्ष्म जीव वाढतो. त्याचं विष शेवाळ खाणाऱ्या माशात जातं, त्याला खाणाऱ्यात साठतं, आणि सर्वांत वरच्या शिकाऱ्यात सर्वांत जास्त जमतं. हे सिग्वाटेरा. उकळा, तळा, गोठवा, खारवा, वाळवा, विष तसंच राहतं. माशाला वास, चव, रंग काही वेगळं नसतं. माशी बसते का, चांदीचं नाणं काळं पडतं का, मांजर खातं का, या परीक्षांना काडीचा अर्थ नाही.

खाल्ल्यावर काही तासांत, बहुधा दिवसभराच्या आत, उलट्या-जुलाब होतात. मग ओठ आणि बोटांना मुंग्या, सांधे-स्नायू दुखणं, आणि सर्वांत ओळखण्यासारखं म्हणजे थंड वस्तूला हात लावला की भाजल्यासारखं वाटणं. नाडी मंद होऊ शकते, ते गंभीर. उतारा नाही, उपचार लक्षणांवरच. मज्जातंतूंची लक्षणं आठवडे, कधी महिने रेंगाळतात, आणि त्या काळात दारू, सुकामेवा किंवा पुन्हा मासे खाल्ल्याने उलटू शकतात. डॉक्टरला कोणता मासा, कुठला आणि कधी खाल्ला ते आधी सांगा.

जोखीम जास्त असलेले: मोठा जायंट, काळा जॅक, हॉर्स-आय जॅक, बार जॅक आणि अ‍ॅम्बरजॅक, तेही प्रवाळाजवळ धरलेले. डोकं, यकृत आणि गाबोळीत विष मांसापेक्षा जास्त असतं. ‘छोटा मासा, म्हणजे सुरक्षित’ हा अर्धाच नियम आहे: जोखीम कमी होते, जात नाही. मोकळ्या समुद्रात प्लवक खाणाऱ्या स्कॅडमध्ये ती नगण्य. सिग्वाटेरा आढळलेल्या खडकावरचा मोठा जॅक ताटात घेऊच नये, याबाबत आमचं मत स्पष्ट आहे.

२०. मासा खाऊन तासाभरात चेहरा लाल झाला आणि डोकं ठणकलं. हाच सिग्वाटेरा का?

नाही, ही बहुधा हिस्टामिनची विषबाधा. कारण समुद्रातलं नाही, हाताळणीतलं. मासा उबदार राहिला की जिवाणू मांसातल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून हिस्टामिन तयार करतात. अ‍ॅम्बरजॅक, स्कॅड आणि इतर जॅकमध्ये हिस्टिडिन भरपूर. लक्षणं काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत: लाली, पुरळ, धडधड, डोकेदुखी. माशाची अ‍ॅलर्जी म्हणून याची चुकीची नोंद होते, आणि लोक पुढे आयुष्यभर मासा सोडतात. हिस्टामिनविरोधी गोळीने बहुधा उतरतं; श्वास अडकला तर थांबू नका, दवाखाना गाठा.

टाळायचं कसं: मासा धरल्याबरोबर कल्ल्याखाली कापून रक्त काढा, आतडी काढा, मग दोन भाग बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी यांच्या काल्यात पूर्ण बुडवा. नुसत्या बर्फाच्या खड्यांवर ठेवलेला जाड मासा मणक्याजवळ तासन्‌तास उबदार राहतो. हवा किंवा पाणी २८ अंशांच्या वर असेल तर मेल्यापासून ६ तासांच्या आत तो बर्फात गेलाच पाहिजे, आणि पुढे ४ अंशांच्या आत राहिला पाहिजे. एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून जात नाही, आणि दुसऱ्यांदा बर्फात ठेवूनही.

२१. गोल्डन ट्रेव्हलीचं पिल्लू घरच्या टाकीत ठेवता येईल का?

नका ठेवू. विकलं जातं तेव्हा ते बोटभर, सोनेरी आणि मोहक असतं. तोच मासा १२० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, पट्टे फिके पडतात, आणि त्याला थांबणं माहीत नसतं: लहान टाकीत भिंतीवर तोंड घासून जखमी होतो. एक गंमत: मोठेपणी त्याच्या तोंडात दातच नसतात. पुढे निघणाऱ्या तोंडाने तो वाळू उपसून किडे आणि शिंपल्यांचे जीव टिपतो. मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयात तो छान राहतो.

२२. हे मासे कमी होत आहेत का?

एकूण जात म्हणून जायंट धोक्यात गणला जात नाही. ठिकठिकाणी मात्र चित्र वेगळं. हवाईच्या निर्मनुष्य वायव्य बेटांवर माशांच्या एकूण वजनात ट्रेव्हली-शार्कसारख्या वरच्या शिकाऱ्यांचा वाटा निम्म्याहून जास्त मोजला गेला, वस्तीच्या मुख्य बेटांवर ३ टक्क्यांच्या आसपास. नंतर लक्षात आलं की निर्मनुष्य ठिकाणचे जायंट डुबकी मारणाऱ्याभोवती कुतूहलाने गोळा होतात, त्यामुळे मोजणी फुगते. फरक खरा आहे, पण आकडा जसाच्या तसा घेऊ नये.

उलट बाजूला काबो पुल्मो: १९९५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं, गावकऱ्यांनी मासेमारी बंद ठेवली, आणि १९९९ ते २००९ या दहा वर्षांत एकूण मत्स्यवजन ४६३ टक्क्यांनी वाढलं. प्रश्न १४ मधली बिगआयची भिंत तिथलीच.

२३. ओळख पटवण्यासाठी फोटो कसे काढावेत?

चार लागतात. एक पूर्ण बाजूचा, सर्व पर ताणलेले, शेजारी मोजपट्टी. दुसरा छातीचा, मासा उलटा करून, खवले दिसतील इतका जवळून. तिसरा कल्ल्याच्या झाकणाच्या वरच्या कोपऱ्याचा. चौथा शेपटीच्या मुळाचा, बाजूने. फ्लॅश बंद ठेवा, चंदेरी अंगावर तो सगळ्या खुणा खाऊन टाकतो. मासा सोडायचा असेल आणि एकाच फोटोइतका वेळ असेल, तर छातीचा काढा.